लीटीवाळा मास्तर

जयवंत मास्तरांच्या हाताला एक खोड होती. गुजराती लिहायला बसले की अक्षरं टपोरी उतरायची, वळणदार, वाचणाऱ्याला नाव ठेवायला जागा नाही अशी. पण शब्द संपला रे संपला की हात आपसूक मागं जायचा आणि वरून सर्रकन एक रेघ ओढून मोकळा व्हायचा. आता गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते हे बडोदे राज्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मास्तरांनाही होतंच. पण लहानपणी बडोद्यात मांडवीजवळच्या मराठी शाळेत पंतोजींनी छड्या मारून जी रेघ त्यांच्या बोटांत घातली होती, ती बाहेर यायला तयार नव्हती.

आंबलीपुऱ्याच्या वणकरवासात, म्हणजे विणकरांच्या वस्तीत, रेघेला लीटी म्हणत. म्हणून मास्तरांचं नाव पडलं लीटीवाळा मास्तर. पोरं पाठीमागं म्हणत, बाया विहिरीवर म्हणत, आणि मास्तर ऐकून न ऐकल्यासारखं करत मिशीवर हात फिरवत. मिशी मात्र बघण्यासारखी होती. वडील गायकवाडांच्या पागेत होते, थोरले भाऊ सुभानराव अजून होते, आणि त्या घराण्याची म्हणून जी काही इस्टेट मास्तरांच्या वाट्याला आली ती ही मिशी आणि डोक्यावरचं पागोटं. बाकी सगळं बाविसाव्या वर्षी संपलं. प्लेगात मिशनच्या दवाखान्यात पडले, ज्यांनी हागमूत काढून जगवलं त्यांचा देव धरला, आणि घराचं दार बंद झालं. मग मिशननं त्यांना बायकोसकट इकडे सावली गावाच्या अलीकडं, चिंचेखालच्या एका खोलीच्या शाळेवर धाडलं.

त्याला आता अकरा वर्षं होत आली होती. मास्तर आले तेव्हा वासातल्या एकाही माणसाला सही येत नव्हती. आता सोळा वर्षांखालचं एकही पोर अंगठा उठवत नव्हतं. सगळी पोरं लिहीत होती, आणि अर्थातच सगळी डोक्यावर रेघ देत होती.

त्या वर्षी पौषात कापूस फुटला आणि शाळा रिकामी झाली. ते दर वर्षीचंच होतं. मास्तर चिडत नसत. पहाटेच हजेरीचं पुस्तक काखेत मारून ते शेताच्या बांधावर जात, तिथंच हजेरी घेत आणि मग धोतर खोचून पोरांच्या ओळीत शिरून स्वतः बोंडं वेचत. पाढे म्हणत वेचणी चाले. वाळक्या बोंडाच्या कडा नखांच्या मुळाशी घुसत, बोटं रक्ताळत, आणि एकोणतीसच्या पाढ्याला गाडं अडलं की सगळी ओळच अडे. शेताचा पाटीदार म्हणायचा, ह्या मास्तरामुळं माझी पोरं हळू वेचतात. पण मास्तर फुकटात वेचत, म्हणून गप्प बसायचा.

अशाच एका सकाळी सावलीचा टपालवाला बांधावरून हाका मारत आला. वरचा हुकूम होता. मास्तरांनी तो उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला, आणि मग ओळीत वेचणाऱ्या मोठ्या माणसांना वाचून दाखवला. महिनाभरानं शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला येणार. ह्या वेळी परीक्षा पोरांची नव्हे, मास्तरांची. फळ्यावर शुद्ध गुजराती लेखन आणि एक नमुन्याचा पाठ. मास्तर उतरले तर शाळा राहील. नाही उतरले तर शाळेची मान्यता जाईल आणि पोरांनी कोसभरावरच्या मोठ्या गावच्या शाळेत जायचं.

मोठ्या गावच्या शाळेत वणकरांच्या पोरांना कुठं बसवतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. पायऱ्यांच्या खाली, उन्हात. तिथला मास्तर त्यांची पाटी हातात घेत नसे, लांबूनच बघे.

"एका रेघेचं काय एवढं!" मास्तर म्हणाले. त्यांना हसण्यावारी न्यायचं होतं. "अक्षराच्या डोक्यावर छप्पर असलेलं बरं की. ऊन लागत नाही."

पोरं खिदळली. पण खोडाभाई हसला नाही. खोडाभाई म्हणजे वासातला सगळ्यात जुना विणकर, आणि प्रार्थनेत पुढं बसणारा. तो कंबर सरळ करत म्हणाला, "हसवानी वात नथी, मास्तरसाहेब. मारी दिवाळीने पूछो."

"रहेवा दो, बापा," शेजारच्या ओळीतून दिवाळी म्हणाली.

दिवाळी ही खोडाभाईची मुलगी, एकोणीस वर्षांची. सणाच्या दिवशी जन्मली म्हणून दिवाळी. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी दुसरं नाव सुचवलं तर खोडाभाई म्हणाला होता, देवानं ज्या दिवशी दिली त्या दिवसाचं नाव बदलणारा मी कोण. मास्तरांच्या हाताखाली शिकलेली ही पहिली मुलगी बडोद्याला शिक्षिकांच्या वर्गात गेली, दोन वर्षांनी पास होऊन आली आणि आता महिन्याभरात डभोईच्या मुलींच्या शाळेवर रुजू व्हायची होती. तोवर घरी होती, आणि शिक्षिका झाली म्हणून कापूस वेचायचं सोडलं नव्हतं. मराठी ती विजयमालाबाईंच्या, मास्तरांच्या बायकोच्या, चुलीपाशी बसून शिकली होती.

"काय झालं होतं दिवाळीला?" मास्तरांनी विचारलं.

दिवाळी खाली मान घालून वेचत राहिली. मग खोडाभाईनंच सांगितलं. वर्गात पहिल्याच दिवशी तिला फळ्यावर लिहायला उभं केलं होतं. तिनं लिहिलं, आणि वर रेघ ओढली. सगळा वर्ग हसला. पुढं किती तरी दिवस पोरी तिला बघितलं की हवेत बोटानं रेघ ओढून दाखवत. सहा महिने रोज शाळा सुटल्यावर एकटी बसून तिनं हात सोडवून घेतला. पहिल्या सुट्टीत घरी आली ती बापाच्या मागाशी बसून रडली, आणि मास्तरांना सांगायचं नाही म्हणून शपथ घातली.

मास्तरांच्या ओच्यातला कापूस खाली सांडला. तो गोळा करायला ते वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

दोन दिवस मास्तरांच्या घशाखाली नीट घास उतरला नाही. माझ्या हातानं पोरीचं हसं झालं, हे त्यांना गिळताच येईना. तिसऱ्या दिवशी विजयमालाबाईंनी ताट पुढं सरकवलं आणि स्पष्टच बोलल्या.

"अहो, असं तोंड पाडून रेघ जाणार आहे का? तिला येतं ना? मग तिच्याकडून शिका."

"मी? दिवाळीकडून? अगं, तिला मी कक्को, पहिलं मुळाक्षर शिकवलाय. बोट धरून."

"मग आता तिला तुमचं बोट धरू द्या. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते दर साली मोठ्या आवाजात वाचून दाखवता. वाचताना डोळ्यांत पाणी काढता. आणि तुम्हाला नुसती पाटी हातात घ्यायची तर कमीपणा वाटतो!"

"कमीपणा नाही गं."

"मग काय वाटतं?"

 खरं तर मास्तरांना कमीपणाच वाटत होता. देव बदलला, घर सुटलं, वणकरांच्या पंगतीला अकरा वर्षं जेवले. पण आत कुठं तरी पागेतला मराठा अजून ताठ बसलेला होता, आणि त्याला जमिनीवर बसायचं नव्हतं.

रविवारी प्रार्थना झाली. शेवटी ज्याला जे मागायचं ते मोठ्यानं मागायची तिथं रीत होती. कोणी तापाचं मागितलं, कोणी व्यायला आलेल्या म्हशीचं. मग खोडाभाई गुडघ्यांवर बसला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हे प्रभु, अमारा मास्तरनुं हैयुं सीधुं छे. हवे हाथ पण सीधो कर. एमना हाथमांथी लीटी काढी नाख."

काळीज सरळ आहे, आता हातही सरळ कर, हे मागणं ऐकून पोरांनी तोंडं दाबली. एकीला हसू आवरेना म्हणून तिच्या आईनं तिला बाहेर नेलं. पण मोठ्यांतलं कोणी हसलं नाही. वासातल्या पन्नास माणसांनी एकदम आमेन म्हटलं, ते मनापासून म्हटलं, आणि मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आपली रेघ ह्या लोकांनी देवापर्यंत नेली, आणि तीही रागावून नव्हे, मायेनं, हे त्यांना कळलं. त्याच दुपारी ते खोडाभाईच्या दारात जाऊन उभे राहिले.

खोडाभाई खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. धोटा इकडून तिकडं जात होता. दिवाळी फिरत्या लाकडी पिंजऱ्यावर सूत गुंडाळत होती. मास्तरांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं, जमिनीवर मांडी घातली आणि काखेतली पाटी समोर ठेवली.

"दिवाळी, मला शिकव."

माग थांबला. दिवाळी उठून उभीच राहिली. "मास्तर, वर बसा ना. खाट टाकते."

"विद्यार्थी खाटेवर बसतो का कुठं? तूही बस."

पहिले चार दिवस वाईट गेले. मास्तर लिहीत, हात रेघेला जाई, दिवाळी हळूच म्हणे, "फरीथी." पुसायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा तेच. चूक म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. पोरं दाराच्या फटीतून डोकावत, आणि लीटी आली की बाहेर कुजबूज होई, "आवी, आवी!" पाचव्या दिवशी एका ओळीत सात शब्दांना सात रेघा पडल्या, तेव्हा दिवाळीच्या तोंडून निघून गेलं, "खोटुं, मास्तर! साव खोटुं!"

साव खोटुं म्हणजे साफ चुकलं, एवढंच. अकरा वर्षांत मास्तरांनी स्वतः हा शब्द हजार वेळा पोरांना ऐकवला असेल. पण मराठी कानाला तो झोंबला. मास्तरांनी पाटी आपटली.

"खोटं? मी खोटा?"

दिवाळी घाबरली नाही. तिच्यात एवढं बळ कुठून आलं ते तिलाही सांगता आलं नसतं. ती म्हणाली, "तुम्ही नाही. हात. हाताला खरं सांगायला पाहिजे. मी विचार करते. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मास्तर गेले तेव्हा त्यांच्या पाटीला दिवाळीनं आडवं सूत ताणून बांधलं होतं. वरपासून खालपर्यंत पाच ओळी, मागावरच्या ताण्यासारख्या घट्ट, दोन्ही कडांना विणकराच्या गाठी.

"हे काय?"

"ही लीटी. आधीच ओढलेली," दिवाळी म्हणाली. "तुमचा हात वर जातो, कारण त्याला वाटतं रेघ राहिली. आता राहिलेली नाही. ह्या सुताखाली अक्षरं टांगत जा. लिहा."

मास्तरांनी लिहिलं. शब्द संपला. हात वर गेला, सुताला टेकला, आणि थांबला. काम झालेलंच होतं. हात खाली आला आणि पुढचा शब्द लिहू लागला. ओळ पुरी झाल्यावर दिवाळीनं गाठ सोडून सूत ओढून घेतलं. खाली नुसती गुजराती अक्षरं राहिली, बोडकी, स्वच्छ.

मास्तर पाटीकडे बघत राहिले. आपल्याला जमलं ह्याचा आनंद नंतर झाला. आधी वेगळंच काही तरी भरून आलं. वीस वर्षांची नोकरी झालेल्या शिक्षकालाही हे सुचलं नसतं. पंतोजींनी छडीनं घातलं ते ह्या पोरीनं बापाच्या मागावरच्या सुतानं काढलं. ही आपल्यापेक्षा चांगली शिक्षिका आहे, असं त्यांच्या मनात स्पष्ट आलं, आणि गंमत म्हणजे आत ताठ बसलेला तो मराठा त्यावर काही बोलला नाही.

मग दिवाळीनं रोज थोडं थोडं सूत कमी केलं. जाडाच्या जागी बारीक आलं, पाच ओळींच्या तीन, मग एक, मग एकही नाही. आणि मास्तरांनी त्याहून अवघड गोष्ट केली. पहाटे, वेचणीला जायच्या आधी, सगळ्या पोरांना शाळेत गोळा केलं आणि फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, "मी तुम्हाला लिहायला चुकीचं शिकवलं. चूक माझी. आता आपण मिळून सुधारू."

कधी कुठल्या मास्तरानं असं म्हटलेलं पोरांनी ऐकलं नव्हतं. ती आधी बावरली, मग त्यांना फार मोठं झाल्यासारखं वाटलं. विणकरांचीच पोरं ती. गाठी त्यांना शिकवाव्या लागल्या नाहीत. घराघरातून सुताचे तुकडे आले, एकतीस पाट्या ताणल्या गेल्या, आणि वेचणीच्या ऐन दिवसांत शाळा पहाटे भरू लागली. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं.

डेप्युटीसाहेब आले ते बैलाच्या छकड्यातून, अंगावर धूळ घेऊन. दत्तात्रेयपंत त्यांचं नाव, मराठीच, चष्मा लावणारे, थोडके बोलणारे. शाळा शेणानं सारवली होती. विजयमालाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. साहेब क्षणभर थबकले, मग तांब्या उचलून पाणी प्याले. दारात उभ्या असलेल्या खोडाभाईनं ते नीट पाहून घेतलं.

"जयवंतराव," साहेब मराठीत म्हणाले, "तुमच्या घराण्याचं नाव मी ऐकून आहे. गुजराती लिहिण्याबद्दलची तक्रारही ऐकून आहे. आपली माणसं आपण सांभाळायची. तुम्ही मराठीत दोन ओळी लिहा, मी शेरा देतो. प्रकरण मिटेल."

मास्तरांनी एकवार दिवाळीकडे पाहिलं. ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटून.

"शाळा गुजराती आहे, रावसाहेब," मास्तर म्हणाले. "आपण गुजराती सांगा. जे येईल त्यावर शेरा द्या."

साहेबांनी भुवया उंचावल्या आणि सांगायला सुरुवात केली. मास्तर लिहू लागले. एक ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द आला, तो संपला, आणि मास्तरांचा हात वर गेला. खडू फळ्यापासून बोटभर अंतरावर थांबला. एकतीस पोरांनी श्वास धरला. विजयमालाबाईंनी डोळे मिटले. हात तिथंच हवेत राहिला आणि मग खाली येऊन पुढचा शब्द लिहू लागला. मागच्या बाकावरून कोणी तरी मोठ्यानं "हाश" म्हटलं.

नंतर पाठ झाला. कापसापासून कापड, हा विषय मास्तरांनी घेतला. साहेबांनी मधेच पोरांना प्रश्न घातले आणि पस्तावले, कारण पोरं थांबेचनात. बोंड किती पाकळ्यांचं, सरकी कशी निघते, ताण्याला खळ का लावतात, सगळं सांगितलं, वर फळ्यावर लिहूनही दाखवलं. एकाही शब्दावर रेघ नव्हती. साहेबांनी चष्मा पुसला, कागदावर शेरा लिहिला आणि वाचून दाखवला, "मास्तर उत्तम रीतीनं उतरले. शाळा चालू ठेवावी."

वासात गलका झाला. साहेबांनी हात वर करून तो थांबवला आणि प्रमाणपत्रासाठी एक छापील अर्ज पुढं केला. मास्तर भरू लागले. नाव, वय, गाव. मग रकाना होता, गुजराती कोणापाशी शिकला. मास्तरांनी न थांबता लिहिलं, दिवाळी खोडाभाई वणकर.

साहेबांनी वाचलं. आवाज खाली आणून म्हणाले, "इथं मिशनचं नाव घाला."

"मिशननं मला शाळा दिली. गुजराती हिनं दिलं."

"अहो, कागद कचेरीत जातो. तिथं सगळी आपलीच माणसं. तुमच्या बंधूंच्या कानावर जाईल."

"जाऊ द्या. त्यांना ऐकू कमी येतं, मोठ्यानं वाचायला सांगा," मास्तर म्हणाले, आणि त्यांची छाती पहिल्यांदा खऱ्या अर्थानं पागेतल्या माणसासारखी फुगली.

साहेब हसले नाहीत. त्या नावावर त्यांनी बोट टेकवलं. मग मान वळवून म्हणाले, "दिवाळी खोडाभाई कोण?"

दिवाळी पुढं आली.

"मुली, गेल्या साली शिक्षिकांच्या परीक्षेचे पेपर मी तपासले. तुझाही होता. सबंध पेपरात बोट ठेवायला जागा नव्हती. पण पहिल्या पानावर, प्रथम शिक्षण कोणी दिलं, ह्या रकान्यात एक नाव होतं, जयवंतराव मास्तर, आंबलीपुरा. त्या एवढ्याच नावावर तू शिरोरेघ ओढली होतीस. बाकी कुठंच नाही. चांगल्या पेपरात एक चूक राहिली म्हणून मी हळहळलो, आणि एक मार्क कापला."

 दिवाळीनं एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि मग साहेबांच्या डोळ्यांत बघून बोलली.

"वर्गात पहिल्या दिवशी मला सगळ्या हसल्या, रावसाहेब, आणि विचारलं, हे असं कोणी शिकवलं? तेव्हा मी गप्प बसले. त्याची मला दोन वर्षं लाज वाटली. म्हणून परीक्षेत लिहून दिलं. ती चूक नव्हती. मास्तरांचं नाव तसंच लिहितात."

जयवंत मास्तरांनी तोंड फळ्याकडे फिरवलं आणि फडकं घेऊन सावकाश फळा पुसायला सुरुवात केली.